डाव्या हाताची कुबडी

श्रीदयागिरी महाराजांचा मठ कुंडवाडीच्या टेकडीवर होता. मठ म्हटले की डोळ्यांपुढे काही मोठे येईल, पण तसे नव्हते. दत्तप्रभूंच्या पादुका, त्यांच्यावर चार खांबांचे छप्पर, पुढे शेणाने सारवलेली ओटी आणि कडेला एक चूल, एवढाच महाराजांचा संसार. गावातून वर यायला एकशे तीन दगडी पायऱ्या होत्या. महाराजांचे गाव कोणते, गोत्र कोणते, असे कुणी विचारले तर महाराज त्याला आधी जेवायला बसवीत. जेवून उठेपर्यंत तो आपला प्रश्न विसरून जाई.

दर गुरुवारी मात्र महाराज खाली उतरत आणि पहिल्या पायरीशी उंबराखाली बसत. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांनी दर्शनाला कुठे जावे? लंगडे, पांगळे, म्हातारे, वाताने आखडलेले, सगळे तिथे येत. आता आपण भक्त मंडळी कशी असतो ते आपल्याला ठाऊकच आहे. महाराजांनी नुसता हात फिरवावा आणि आपण धावत घरी जावे, हीच प्रत्येकाची आशा. महाराज हात फिरवीतही, पण त्याआधी चार पावले चालून दाखवायला सांगत. माणूस कसाबसा चाले. महाराज त्याच्या तोंडाकडे न पाहता पायांकडे पाहत आणि बहुतेकांना एकच सांगत, "गेनूकडे माप द्या."

यावर गावात एक म्हणच पडली होती. पाय मागायला गेलो आणि बांबू घेऊन आलो!

हा गेनू जातीचा बुरूड. सुपे, टोपल्या, कणगी विणून पोट भरणारा. बावीस वर्षांचा असताना बांबू तोडायला डोंगराच्या कड्यावर चढला आणि घसरून पडला. डावा पाय कायमचा गेला. दोन वर्षे तो अंगणात सरपटत होता. एके दिवशी महाराज स्वतः त्याच्या अंगणात येऊन बसले. पायाला हातसुद्धा लावला नाही. "तुझ्यासाठी एक आधार कर," एवढेच म्हणाले. गेनूने कुबडी केली, ती लांब झाली आणि काखेत रुतून हाताला मुंग्या आल्या. दुसरी आखूड झाली आणि पाठ वाकली. अशा सात बिघडल्या. प्रत्येक वेळी महाराज तिथेच बसून होते. आठव्या कुबडीवर गेनू नदीपर्यंत चालत गेला, पाण्यात हात घातला आणि काठावर बसून लहान मुलासारखा रडला.

"पाय देणारा वर बसला आहे," महाराज म्हणाले. "पण आधाराचं माप माणसालाच घ्यावं लागतं. तुझं दुखणं फुकट घालवू नकोस, गेनू."

गेनूने ते फुकट घालवले नाही. त्याच्याकडे एक गाठी मारलेली दोरी असे. माणसाला सरळ उभे करायचे, हात सैल सोडायला सांगायचे आणि जमिनीपासून मनगटाच्या हाडापर्यंत दोरी ताणायची. तेवढीच काठी, त्याहून तसूभर अधिक नाही. पाय थोडा दुखत असेल तर काठी. पाय टेकवतच नसेल तर कुबड्या, त्यांची मूठही मनगटाशीच आणि वरची आडकाठी काखेखाली दोन बोटे जागा सोडून, कारण भार हातांवर घ्यायचा असतो, काखेवर नाही. हातपाय थरथरत असतील तर चार पायांची घोडी, पुढे सरकवत चालायला. काठीच्या टोकाला तो काथ्या घट्ट गुंडाळी, म्हणजे दगडावर ती घसरत नसे.

ताराबाई कुंभारीण त्याच्याकडे आली तेव्हा तिच्या हातात तिच्या मेलेल्या नवऱ्याची काठी होती. आपल्याकडे मेलेल्या माणसाची काठी कापत नाहीत, जशीच्या तशी वापरतात. नवरा होता ताडमाड, आणि ताराबाई त्याच्या खांद्यालाही लागत नव्हती. त्या उंच काठीने तिचा खांदा कानाला टेकला होता आणि मान आखडली होती. गेनू काठी चार बोटे कापायला निघाला तेव्हा तिने हंबरडा फोडला. महाराजांनी तिला विचारले, "बाई, नवरा असता तर तुला धरताना वाकला असता की नाही?" ताराबाईने डोळे पुसले आणि काठी पुढे केली. कापलेला तुकडा तिने देव्हाऱ्यात ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून मान सरळ धरून बाजारात जाऊ लागली.

अशा या कुंडवाडीचे इनामदार होते अमृतराव. देणे-घेणे चोख, आवाज मोठा, आणि मान कधी कुणापुढे वाकलेली नाही. टेकडीवरच्या पादुकांचा उत्सव चैत्री पौर्णिमेला होई आणि त्यात इनामदारांच्या थोरल्या पातीकडे, म्हणजे अमृतरावांच्या शाखेकडे, मानाची काठी असे. सागवानी, पुरुषभर उंच, वर चांदीची मूठ, खाली टोकाला बसवलेली चांदीची शेंबी. मानकऱ्याने ती उजव्या हातात धरून, स्वतःच्या पायांनी वर जायचे, पादुकांना टेकवायची आणि तशीच खाली आणायची. वाटेत काठी जिथून पुढे गेली तिथे तिथे लोक पायरीवर नारळ फोडीत. मानकऱ्याने कुणाचा आधार घेतला किंवा काठी खाली टेकली, तर मान धाकट्या पातीच्या भाऊबंदांकडे जाई. तीन पिढ्या तो गेलेला नव्हता.

त्या वर्षी मार्गशीर्षात अमृतरावांची घोडी बुजली आणि ते उजव्या अंगावर पडले. हाडवैद्याने हाड बसवले, पण पायात जोर येईना. माघ संपत आला तेव्हा ते बैलांच्या दमणीतून उंबराखाली आले. चैत्रापर्यंत पाय बरा व्हावा, एवढेच त्यांचे मागणे होते. महाराजांनी त्यांनाही चार पावले चालायला सांगितले आणि मग सगळ्या गावादेखत म्हणाले, "अमृतराव, गेनूकडे माप द्या."

उंबराखाली बसलेल्या कुणीही मान वर केली नाही. इनामदारांच्या अंगाला बुरडाची दोरी लावायची! अमृतराव दमणीत जाऊन बसले. महाराजांपुढे नाही म्हणायची सोय नव्हती. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी गेनूला चावडीवर बोलावले आणि गंमत पाहायला निम्मे गाव जमवले.

गेनूने दोरी काढताच कारकुनाने त्याला दूर उभे राहायला सांगितले. लांबून काय दिसेल ते बघायचे, असा हुकूम झाला. अमृतराव जोडे घालून, मानाची काठी उजव्या हातात घेऊन चावडीच्या फरशीवर चालून दाखवू लागले. गेनूने पाहिले. उजवा पाय पडला की सगळे अंग उजवीकडे कलंडत होते, आणि चांदीची शेंबी फरशीवरून बोटभर सरकत होती.

"सरकार, पाय उजवा हाय," गेनू म्हणाला. "आधार डाव्या हातात पायजे."

चावडी हसली. अमृतरावही हसले. "उजव्या भिंतीला भेग पडली तर टेकू डाव्या भिंतीला लावतोस का रे?"

"भिंत चालत न्हाई, सरकार. मानूस चालतो तवा उजवा पाय म्होरं पडला की डावा हातच म्होरं येतो. मानाची काठी ऱ्हाऊ द्या उजव्या हातात. डाव्या हाताला मी कुबडी करून देतो. चढताना डावा पाय आधी, उतरताना..."

त्याचे पुढचे बोलणे कुणी ऐकलेच नाही. हसणे थांबले होते. गेनू बरोबर बोलला हे चावडीतल्या प्रत्येकाने मनातल्या मनात हात हलवून ताडून पाहिले होते, आणि ते अमृतरावांच्या लक्षात आले होते. मोठ्या माणसाचा राग अशा वेळी फार वाईट असतो.

"डावा हात!" अमृतराव म्हणाले. "ज्या हाताने आपण देवाला फूलही वाहत नाही, त्या हातात बुरडाचा बांबू घेऊन मी देवापुढे जाऊ? ऐक. मी वर जाईन आणि खाली येईन. वाटेत तुझ्या बांबूला माझा हात लागला, तर मान धाकट्या पातीचा. नाही लागला, तर त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत तू कुंडवाडी सोडायची. तुझ्या बायकापोरांसह."

गेनूने हात जोडले. त्याला बोलायचे होते ते एवढेच, की नारळाच्या पाण्याने उतरताना पायऱ्या ओल्या असतात. पण त्याला बाहेर काढण्यात आले.

चावडी रिकामी झाल्यावर तो परत आत गेला. अमृतराव ज्या खांबाशी उभे होते, त्या खांबाच्या तिसऱ्या खिळ्याशी त्यांचे मनगट येत होते हे त्याने पाहून ठेवले होते. खिळ्यापर्यंत दोरी ताणून त्याने गाठ मारली.

मग तो, आपल्या कुबडीवर, एकशे तीन पायऱ्या चढून महाराजांकडे गेला. त्याच्या झोपडीत बायको होती, दोन मुली होत्या, मागे तीस वर्षे जपलेले बांबूचे बेट होते. तो पादुकांपुढे बसला, पण त्याला मागता येईना.

"म्हाराज," तो म्हणाला, "मी काय मागू? सरकार सुखरूप उतरले तर माझं घर गेलं. माझं घर ऱ्हावं म्हनावं, तर त्यांचा पाय घसरावा असं मागितल्यावानी होतंय. कुनाचा पाय घसरावा, हे ह्या त्वांडातनं कसं काढू?"

महाराजांनी चुलीतली राख सारखी केली.

"कुबडी झाली का?" त्यांनी विचारले.

"व्हईल."

"मग ती घेऊन उत्सवाच्या दिवशी त्यांच्या मागे चाल. डाव्या अंगाला. काय मागायचं ते पायऱ्यांवर सुचेल."

चैत्री पौर्णिमा उजाडली. ताशे, हलगी, गुलाल, आसपासच्या पाच गावांची माणसे. धाकट्या पातीचे भाऊबंद नवे पागोटे बांधून पुढे उभे होते, आणि त्यांच्या डोळ्यांत काय होते ते सांगायला नको. अमृतराव अनवाणी आले, मानाची काठी उजव्या हातात. मानकऱ्याने एकट्याने पुढे चालायचे आणि लोकांनी दहा पायऱ्या मागे राहायचे, अशी रीत. पण त्या मोकळ्या जागेत आज गेनू होता. उजव्या काखेत स्वतःची कुबडी, डाव्या खांद्यावर अमृतरावांसाठी केलेली. त्याला कुणी हटकले, तर त्याने महाराजांचे नाव सांगितले, आणि त्याला वाट मिळाली.

अमृतरावांनी शुभ म्हणून उजवा पाय आधी टाकला. दुखऱ्या पायाने अंग वर उचलायचे म्हणजे काय, ते ज्याला ठाऊक आहे त्यालाच कळेल. दहाव्या पायरीला त्यांच्या कपाळावर घाम आला. पंधराव्या पायरीला श्वास ऐकू येऊ लागला. काठी खाली टेकायची नव्हती, तरी प्रत्येक पावलाला ती टेकल्यासारखी खाली येऊन पुन्हा उचलली जात होती. धाकट्या पातीतले कुणीतरी मोजत होते.

"सरकार, डावा आधी," मागून गेनू हळूच म्हणाला.

अमृतरावांनी ऐकले न ऐकलेसे केले. विसाव्या पायरीला मात्र त्यांनी धोतर सावरल्याचे निमित्त केले, थांबले आणि डावा पाय आधी वर टाकला. चढण एकदम सोपी झाली. चांगला पाय अंग उचलत होता, दुखरा नुसता मागून येत होता. सल्ला घेतला, पण घेतल्याचे कबूल केले नाही. आपल्यातही असे पुष्कळ आहेत. गेनूला मात्र बरे वाटले. आपले घर पायरी पायरीने जात आहे हे कळत असूनही त्याला बरे वाटले, म्हणून तर तो महाराजांचा माणूस.

मागे नारळ फुटत होते. पाणी पायऱ्यांवरून ओघळत होते, त्यात गुलाल कालवला जात होता.

अमृतराव वर पोचले. त्यांनी काठी पादुकांना टेकवली, तेव्हा गावाने जयजयकार केला. महाराज ओटीवर प्रसादाचा भात वाढायला बसले होते. त्यांनी अमृतरावांकडे पाहिले, गेनूच्या खांद्यावरच्या कुबडीकडे पाहिले, आणि पुढच्या पानावर भात वाढला. अमृतरावांनी पादुकांना नमस्कार केला, महाराजांना उभ्यानेच हात जोडले, आणि वळताना गेनूला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सामान बांधायला लाग."

उतरण सुरू झाली. ताशेवाले पुढे, त्यांची पाठ इकडे. मग अमृतराव. त्यांच्यामागे तीन पायऱ्यांवर गेनू. लोक प्रसाद घेत घेत बरेच मागे राहिले होते.

आणि अमृतरावांनी डावा पाय आधी खाली टाकला.

चढताना जे उपयोगी पडले ते उतरतानाही पडेल, असे त्यांना वाटले. अर्धा सल्ला चोरून घेतला की असे होते. चढताना चांगला पाय आधी, पण उतरताना दुखरा पाय आधी टाकायचा असतो, कारण मागे राहिलेल्या पायालाच सगळा देह पेलून वाकावे लागते. अमृतरावांचा दुखरा पाय मागे राहून वाकत होता, थरथरत होता. गेनू ओरडला, "उजवा आधी, सरकार, उजवा!" पण ताशांपुढे त्याचा आवाज कुठे पोचतो? तो भरभर उतरू लागला, ओल्या पायरीवर त्याचीच कुबडी सरकली, त्याने तोल सावरला आणि पुन्हा हाक मारली. अमृतरावांनी या वेळी ऐकले. मान किंचित वळली, जबडा आवळला गेला, आणि त्यांनी मुद्दाम डावाच पाय टाकला.

वरून त्रेचाळीस पायऱ्या उतरल्यावर टेकडी वळण घेते. तिथे उजवीकडे कठडा नाही. खाली तीस हातांवर कुंड, आणि चैत्रात त्यात पाणी नसते, नुसते खडक. वळणाच्या आतल्या बाजूला ताराबाई काठी मांडीवर घेऊन बसली होती. आपल्याला वेळ लागतो म्हणून ती आधीच उतरायला निघाली होती, आणि दम खायला टेकली होती. पुढचे सगळे तिने पाहिले.

त्या वळणावर कुणीतरी येताना पाच नारळ एकदम फोडले होते. अमृतरावांचा डावा पाय ओल्या करवंटीवर पडला. उजव्या गुडघ्याने दगा दिला. अंग उजवीकडे कलंडले, आणि शेवटी त्यांनी मानाची काठी खाली रोवली. पण चांदीची शेंबी ओल्या दगडावरून सर्रकन निघून गेली. अमृतराव पायरीवर आडवे झाले आणि तसेच कडेवरून खाली सरकले.

गेनूने विचार केला नाही. खांद्यावरची कुबडी त्याने आडकाठीच्या बाजूने पुढे लांबवली. अमृतरावांचा डावा हात तिच्यावर पडला आणि मिटला. ते कंबरेपासून खाली लोंबकळत होते. उजव्या हातात मानाची काठी तशीच होती.

अमृतराव म्हणजे पाच मणांचा देह. गेनू म्हणजे हाडांची मोळी. एका हाताने ते ओझे धरवेना, म्हणून त्याने आपली कुबडी सोडून दिली. ती खडखडत पायऱ्यांवरून खाली गेली. आता दोन्ही हात बांबूवर, एक पाय धड आणि एक पाय तीस वर्षे मेलेला. काथ्याच्या गुंडाळीमुळे हात घसरले नाहीत, पण तो स्वतः कडेकडे ओढला जाऊ लागला. अर्धा हात. आणखी चार बोटे. त्या क्षणी काय मागायचे ते त्याला सुचले. "म्हाराज, मानूस वाचू द्या," तो म्हणाला. घराचे त्याला आठवलेही नाही.

आणि त्याच्या डाव्या काखेखाली कुणीतरी खांदा दिला.

त्याला वाटले, लोक आले. मागे वळून पाहायला सवड नव्हती. मेलेल्या पायाच्या बाजूला एक भक्कम, ऊबदार खांदा होता आणि तो तसूभर हलत नव्हता. गेनू सरकायचा थांबला.

"दोन्ही हातांनी धरा, सरकार," तो म्हणाला. "आता काठी सोडा."

अमृतरावांनी वर पाहिले. तीन पिढ्यांचा मान त्यांच्या उजव्या हातात होता. तीस हात खाली खडक होते. ताराबाई पुढे सांगत असे, की तेवढ्या वेळात तिने दहादा देवाचे नाव घेतले. मग मूठ उघडली. काठी खडकावर आपटून मोडल्याचा आवाज आला, आणि अमृतरावांचा उजवा हात वर येऊन बांबूवर डाव्याशेजारी बसला.

लोक धावत आले, चारचौघांनी त्यांना वर ओढले. गेनू पायरीवर बसून धापा टाकीत होता. डावीकडे वळून तो म्हणाला, "कोन हुतं रं? खांदा कुनी दिला?"

 ताराबाई जवळ सरकली. 

"गेनू," ती म्हणाली, "तुज्या डाव्या अंगाला कुनी न्हवतं. लोक पाठीमागनं आली. तू एकलाच हुतास, आन् त्या मेल्या पायावर उभा हुतास."

अमृतरावांनी हे ऐकले. त्यांनी कपाळावरचे रक्त पुसले आणि खाली उतरायचे सोडून मठाकडे तोंड केले. त्यांना दोघे धरायला आले, तर त्यांनी त्यांना बाजूला केले. "कुबडी दे," ते गेनूला म्हणाले. गेनूने ती त्यांच्या डाव्या हातात दिली. त्रेचाळीस पायऱ्या अमृतराव चढले, डाव्या हातात बांबू, डावा पाय आधी, सगळ्या गावादेखत आणि धाकट्या पातीच्या भाऊबंदांदेखत. गेनूला दोघांनी काखेत हात घालून मागोमाग आणले.

मठात पंगत अडून बसली होती. लोक सांगू लागले, की महाराज भात वाढत होते आणि मध्येच पळी टाकून उठले. ओटीच्या कडेला जाऊन डावा पाय रोवून उभे राहिले आणि खांदा पुढे केला, जणू कुणाला तरी पेलून धरले आहे. मानेच्या शिरा ताठल्या होत्या. कुणाची जवळ जायची छाती झाली नाही. मग ते स्पष्ट म्हणाले, "आता काठी सोडा." थोड्या वेळाने घाम पुसून परत बसले आणि भात निवला म्हणून वाढणाऱ्यांवर रागावले.

अमृतरावांनी ओटीकडे पाहिले. वर्षानुवर्षे सारवून दगडासारख्या झालेल्या त्या जमिनीत डाव्या टाचेचा खड्डा पडला होता, चार बोटे खोल. महाराजांचा खांदा लाल झाला होता.

अहो, त्या माउलीने एकशे तीन पायऱ्यांपैकी एकही न उतरता बुरडाच्या मेलेल्या पायाखाली स्वतःचा पाय दिला!

"महाराज, मी बांबूला हात लावला," अमृतराव म्हणाले. त्यांचा मोठा आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक. "मान धाकट्या पातीचा. गेनूचं घर गेनूचं." मग त्यांनी विचारले, "मला कुणी धरलं?"

"आपल्याकडचा बांबू चांगला असतो," महाराज म्हणाले. "आणि ज्यानं माप घेतलं, तो आणखी चांगला आहे. नमस्कार करायचा तर तिकडे करा."

अमृतराव वळले. गेनू खांबाला धरून एका पायावर उभा होता.

"गेनबा, ही कुबडी बोटभर लांब आहे."

गेनूचा चेहरा उतरला. "चावडीत तुमच्या पायात जोडे हुते, सरकार. मी तसंच खांबावरनं माप घेतलं. चूक झाली."

"तुझी नाही. मी दोरी अंगाला लावू दिली नाही." अमृतरावांनी हात पुढे केला. "दोरी आण इकडं. माझं माप नंतर घे. तुझी कुबडी माझ्यापायी गेली, आधी तुझं घ्यायचं. कसं घेतात ते सांग."

गेनू नको नको म्हणत होता. महाराजांनी त्याच्याकडे नुसते पाहिले, तसा तो खांबाला पाठ टेकवून सरळ उभा राहिला आणि हात सैल सोडले. अमृतरावांनी कुबडी खांबाला टेकवली. दुखरा पाय मागे लांब सोडला, डावा गुडघा जमिनीला लावला आणि ते हळूहळू खाली बसले. दोरीचे एक टोक त्यांनी गेनूलाच मनगटाशी धरायला दिले आणि दुसरे त्याच्या टाचेशी, त्या मेलेल्या पायाच्या टाचेशी, स्वतःच्या बोटाने दाबून धरले. दोरी ताणली गेली. गाठ मारायची तेवढी राहिली होती.

पण अमृतरावांचे डोके खाली गेले आणि गेनूच्या पावलावर टेकले. ते तिथून उठेना.

सारी पंगत उभी राहिली. ताराबाई पदराने डोळे पुसत होती.

बऱ्याच वेळाने महाराज म्हणाले, "अमृतराव, माप झालं की नाही?"

"झालं, महाराज," अमृतराव म्हणाले, पण डोके उचलले नाही.

त्या वर्षापासून कुंडवाडीत नारळ पहिल्या पायरीशीच फुटतात, वर कुणी फोडीत नाही. मानाची काठी धाकट्या पातीकडे गेली. ती बांबूचीच केली, आणि तिच्या टोकाला चांदी नाही, काथ्या आहे. मानकऱ्याचे दोन्ही पाय धडधाकट असले तरी तो उजव्या हातात काठी घेतो आणि डाव्या हातात एक कुबडी घेतो. ती कुबडी बुरडाच्या घरून येते आणि तिचे माप देताना मानकऱ्याला जोडे काढून उभे राहावे लागते.

दयागिरी माउली अशी होती. आपला जो पाय लटका पडेल, त्या अंगाला ती उभी राहो.